मुलीचे चौथे वर्ष

अलीकडे आमच्या परिचयाच्या घरांतून एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. एक काळ असा होता, की मुलगी मॅट्रिक झाली म्हणजे वडीलधारी मंडळी “आता पुढे काय?” असे विचारीत. कालांतराने हाच प्रश्न बी. ए. नंतर विचारला जाऊ लागला. आता मुलगी कॉलेजात पाऊल टाकते न टाकते तोच विचारणा होते ती अशी : “हिचे तीन वर्षांचे, की चार वर्षांचे?” विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते. हळदीकुंकवास आलेल्या शेजारणी, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले दूरचे मामा, क्वचित आमच्याच घरातील काका, सर्वजण हा प्रश्न अगदी सहज विचारतात. आणि “तीन वर्षांचे” असे उत्तर मिळाले, की समाधानाने दुसऱ्या विषयाकडे वळतात. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न कोणी केल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. तो शिकेल तितकी वर्षे शिकेल, हे तेथे गृहीतच धरलेले असते.

आम्ही स्वतः मुंबईत दादरला तीन पिढ्यांच्या घरात वाढलो, एका स्वायत्त महाविद्यालयात अर्थशास्त्र हा विषय घेऊन तिसऱ्या वर्षास आहोत, आणि चौथ्या वर्षाचा अर्ज भरावा की न भरावा हा वाद आमच्या घरी गेले दोन महिने चालू आहे. तेव्हा या प्रश्नाकडे आम्हांस तटस्थपणे पाहता येणे शक्य नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. तथापि हा वाद केवळ आमच्या घरचा नव्हे. आमच्या वर्गातील निम्म्या मुलींच्या घरी तो या ना त्या रूपाने चालू आहे, आणि म्हणूनच तो चार लोकांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

ज्या घरांतून सध्या कॉलेजात जाणारे कोणी नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा केला. महाराष्ट्रात तो स्वायत्त महाविद्यालयांतून २०२३-२४ पासून व इतर संलग्न महाविद्यालयांतून २०२४-२५ पासून सुरू झाला. या चार वर्षांच्या वाटेवर जागोजाग दारे ठेवलेली आहेत. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, आणि चौथे वर्ष पुरे केल्यास ‘ऑनर्स’ची पदवी. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो. म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचा एक प्रश्न निवडावयाचा, वर्षभर त्याचा पाठपुरावा करावयाचा, आणि जे हाती येईल ते लिहून काढावयाचे. जो तीन वर्षांनी बाहेर पडेल त्याला एम. ए. साठी दोन वर्षे लागतात. जो चौथे वर्ष करील त्याला एकच. बेरीज दोन्हीकडे पाचच होते. ही साधी बेरीज आम्ही घरी निदान दहा वेळा मांडून दाखविली आहे. पण ‘चौथे’ हा शब्दच असा आहे, की तो ऐकणाऱ्याला जादा वाटतो. लाडवांच्या ताटातला चौथा लाडू वाटावा तसा.

ही दारे ज्यांच्यासाठी ठेवली त्यांच्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. वडिलांचे छत्र हरपले, शेत गेले, घरी मिळवते कोणी उरले नाही, अशा विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या श्रमाचे काहीतरी पदरात घेऊन बाहेर पडता यावे, ही योजना दयेची आणि शहाणपणाचीही आहे. प्रश्न आहे तो आमच्यासारख्या घरांचा. जेथे दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नाही, भिंतीवर पणजोबांच्या पदवीदानाचे छायाचित्र आहे, कपाटात ज्ञानकोशाचे खंड आहेत, अशा घरांत हे दार अडचणीत सापडलेल्या माणसासाठी वापरले जात नाही. ते मुलीसाठी वापरले जाते.

मुलींच्या शिक्षणाचा अभिमान आपल्या वर्गाला फार आहे, आणि तो सर्वस्वी पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याचे श्रेय आपण मानतो तितके आपले नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा आपल्याच आळ्यांतून सावित्रीबाईंवर काय काय भिरकावले गेले ते सर्वश्रुत आहे. पुढे १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली, १९१६ मध्ये अण्णासाहेब कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, आणि हळूहळू सुशिक्षित घरांतील मुलीस शिकविणे ही लाजेची गोष्ट न राहता प्रतिष्ठेची झाली. आज तर मुलींना शिकवावे की न शिकवावे हा वाद आकड्यांनीच निकालात काढला आहे. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीप्रमाणे २०२१-२२ साली देशातील ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या. पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांची संख्या २०१४-१५ मध्ये ४७,७१७ होती, ती सात वर्षांत ९८,६३६ वर गेली. तेव्हा ‘शिकवावे का?’ हा प्रश्न संपला. त्याच्या जागी ‘किती?’ हा प्रश्न येऊन बसला आहे. आणि तो पहिल्याहून अवघड आहे, कारण पहिल्या प्रश्नाला विरोध करणारा निदान ओळखू तरी येत असे.

एका वर्षाने असे काय मोठे बिघडते, असे आमचे काका विचारतात. एका वर्षाने काय होते याचे एक उदाहरण आपल्याच भाषेच्या मुलखातले आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिली आलेली कमला भागवत नावाची मुलगी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागण्यास गेली. तिचे वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच संस्थेत शिकलेले. तेव्हा आपणही तेथेच जाणार हे तिने मनाशी ठरवून ठेवले होते. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळवून त्यांना तीन वर्षे झाली होती. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी तडजोड झाली ती अशी, की तिला एक वर्ष उमेदवार म्हणून ठेवून पाहावे, काम पसंत पडले तरच रीतसर प्रवेश द्यावा, आणि तिच्या असण्याने इतरांचे चित्त विचलित होऊ नये. एवढ्या अपमानास्पद अटींवर तिने ते वर्ष पत्करले, रात्रंदिवस काम केले, आणि वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. नंतर ती केंब्रिजला गेली, वनस्पतींच्या श्वसनक्रियेत भाग घेणाऱ्या एका द्रव्यावर तिने संशोधन केले, आणि १९३९ साली तिला डॉक्टरेट मिळाली. याच पुढे डॉ. कमला सोहोनी. बंगळूरचा तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण आम्हांला त्या हकीकतीतील अपमानापेक्षा ते वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. त्या घराने ‘बी. एस्सी. झालीस, पहिली आलीस, आता पुरे’ असे म्हटले असते, तर ते म्हणणे १९३३ साली कोणालाही वावगे वाटले नसते. उलट समजूतदारपणाचेच ठरले असते.

तिची थोरली बहीण दुर्गाबाई. एकीने प्रयोगशाळा धरली, दुसरीने लोकसंस्कृती व साहित्य. १९७५ साली, आणीबाणीच्या ऐन काळात, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून सरकारला खडे बोल सुनावण्याचे आणि त्यापायी तुरुंगात जाण्याचे धैर्य या बाईंनी दाखविले. ग्रंथालयात घालविलेली वर्षे माणसाला भित्रे आणि पुस्तकी करतात असे म्हणणाऱ्यांनी दुर्गाबाईंचा विचार अवश्य करावा.

आता चौथ्या वर्षी मुली करतात तरी काय, याविषयी. पहिली तीन वर्षे आम्ही मुख्यतः दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे लिहितो. प्रश्न छापील, उत्तर बहुतांशी छापील, गुणही ठरावीक. त्यात आम्ही मुली पटाईत आहोत. लहानपणापासून विचारले तेवढे सांगण्याची सवय आम्हांला घरातूनच लागलेली असते. चौथ्या वर्षी पहिल्यांदाच प्रश्न विद्यार्थिनीने आणावयाचा असतो. आमच्या एका मैत्रिणीला उपनगरी गाड्यांच्या बायकांच्या डब्यात विकल्या जाणाऱ्या मालाचा हिशेब मांडावयाचा आहे : कानातली, टिकल्या, निवडलेल्या भाज्या, हे सर्व कोठून येते, विकणारीच्या हाती काय उरते. दुसरीला आपल्या आजोळच्या गावातील बचतगटांची कर्जे पाहावयाची आहेत. आमचा प्रश्न याहून घरगुती आहे. तो आमच्या आजीच्या वह्यांविषयी आहे.

आजी १९६३ साली लग्न होऊन या घरी आली. त्या वेळी दोन खोल्यांत नऊ माणसे राहत. घरखर्चाची वही तिच्याकडे आली ती दुसऱ्या वर्षी, आणि तेव्हापासून तिने एकही दिवस चुकविलेला नाही. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, मध्ये शिवलेल्या वह्या. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च. महिनाअखेरीस आजोबा त्यातील बेरीज तेवढी पाहत व खाली सही करीत. गेल्या वर्षी एका निबंधाच्या निमित्ताने आम्ही त्या चाळल्या, आणि मुंबईतील एका मध्यमवर्गीय घराचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आपल्या कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे, हे आमच्या ध्यानी आले. रेशनचा तांदूळ, रेशनची साखर, रॉकेल, दूध केंद्रावरच्या बाटल्या. कोणत्या साली तूर डाळ आठवड्यातून चार वेळांऐवजी दोन वेळा आली. कोणत्या साली गॅस आला आणि रॉकेलची नोंद गेली. स्वतःसाठी म्हणून आजीने लिहिलेला खर्च फार थोडा. चष्मा, चपला, आणि दर वर्षी न चुकता एका मासिकाची वर्गणी.

१९७३ च्या वहीत, उजव्या बाजूस, भाजी आणि आगपेटी यांच्यामध्ये एक नोंद सापडली : ‘मोर्चा, बसभाडे, जाऊन-येऊन.’ पुढच्या आठवड्यात : ‘लाटणे, १.’

घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. त्या काळात, १९७२ च्या दुष्काळानंतर भडकलेल्या महागाईविरुद्ध, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी मुंबईच्या गृहिणींना रस्त्यावर आणले होते. थाळ्या आणि लाटणी घेऊन बायका मंत्र्यांच्या दारी जात. हे सर्व आम्ही पुस्तकात वाचले होते, परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीपही लिहिली होती. पण आपली आजी, जी आजही एकटी बँकेत जाण्यास कुरकुर करते, ती त्या गर्दीत होती हे आम्हांस एका बसभाड्यावरून कळले. आम्ही तिला विचारले. ती प्रथम लाजली, मग म्हणाली, “अगं, शेजारच्या दोघी निघाल्या होत्या. मी सासूबाईंना हळदीकुंकवाला जाते म्हणून सांगितलं. थाळीवर आपटून आपटून लाटणं तडकलं, मग दुसरं घ्यावं लागलं.” आम्ही म्हटले, “मग वहीत खरं कशाला लिहिलंस? आजोबांनी पाहिलं असतं तर?” त्यावर ती म्हणाली, “सासूबाईंना खोटं सांगता येतं गं. हिशेबाला कसं सांगणार?”

याच वह्यांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आम्ही बरेच दिवस कोणाला बोललो नाही. १९८३ च्या जूनमध्ये आत्याच्या कॉलेजची फी. १९८४ च्या जूनमध्ये पुन्हा फी. १९८५ च्या जूनमध्ये ती नोंद नाही. त्याऐवजी ‘लग्न’ या मथळ्याखाली वेगळी सहा पाने आहेत. १९८६ पासून काकांची फी सुरू होते ती पुढे सलग पाच वर्षे. वहीला पक्षपात ठाऊक नाही. जे झाले ते तिने लिहिले आहे. आत्याला दुसऱ्या वर्षी पहिला वर्ग होता, आणि “शेवटचे वर्ष लग्नानंतर पुरे करता येईल” असे सर्वांनी तिला सांगितले होते. कोणी खोटे बोलत नव्हते. तिला ते करता आलेच. मात्र वीस वर्षांनी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तके घेऊन ती पहाटे चारला उठे, कारण पाचला नळाला पाणी येई आणि त्यानंतरचा दिवस तिचा नसे. चाळिशीत तिने पदवी घेतली. आम्ही तेव्हा नुकत्याच जन्मलो होतो. आमच्या बारशाच्या एका छायाचित्रात तिच्या मांडीवर आम्ही आणि शेजारी पालथे ठेवलेले पुस्तक आहे.

हे सांगण्याचे कारण, ‘नंतर करता येईल’ हे वाक्य आज पुन्हा ऐकू येत आहे, आणि या वेळी त्याला नियमाचा आधारही आहे. नव्या योजनेप्रमाणे मध्येच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा आहे, आणि संपूर्ण अभ्यासक्रम सात वर्षांत पुरा करावयाचा असतो. मिळविलेले गुणांक ‘अकॅडेमिक बँक’ नावाच्या खात्यात जमा राहतात. आमचे बाबा बँकेतच असल्यामुळे ही कल्पना त्यांना फार आवडली. “ठेव आहे, केव्हाही काढता येईल,” असे ते म्हणाले. ठेव खरीच; पण काढण्यास जाण्याची सवड कोणाच्या हाती असेल, हा प्रश्न बँकेच्या पुस्तकात नसतो. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या दिवसाच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरातील बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे तीत आढळले. पावणेपाच तासांहून अधिक एका बाजूस, दीड तासाहूनही कमी दुसऱ्या बाजूस. लग्न झालेल्या मुलीने चौथे वर्ष ‘नंतर’ करावयाचे म्हणजे ते या २८९ मिनिटांच्या पलीकडे कोठेतरी करावयाचे. आत्याने ते पहाटे चारला केले. प्रत्येकीला चारला जाग येईलच असे नाही, आणि ती यावी अशी अपेक्षा ठेवणेही आम्हांस सभ्यपणाचे वाटत नाही.

वडील मंडळींच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. फीचा भार आहे. तो आमच्या घरास जड नसला तरी अनेकांस आहे. पुष्कळशा कंपन्या नोकरी देताना तीन की चार हे विचारीत नाहीत, हेही खरे. ‘स्थळे येण्याचे वय’ हा मुद्दा मात्र आम्हांस समजत नाही. आमच्या नात्यातील तीन मुलांनी गेल्या दोन वर्षांत अठ्ठाविशी ओलांडून लग्ने केली आणि त्यांच्या वयाचा उच्चारही कोणी केला नाही. शिवाय ज्या घरास सुनेचे एक वर्षाचे अधिक शिक्षण डोईजड होते, त्या घरी आपली मुलगी द्यावी काय, हा विचार मुलीच्या आईबापांनीच करावा. तो आम्ही सुचविण्याची गरज नसावी.

पण आमचे खरे गाऱ्हाणे फीचे नाही, लग्नाचेही नाही. आमचे गाऱ्हाणे असे आहे, की सुशिक्षित घरांत मुलीच्या गुणांचे कौतुक होते, मताचे होत नाही. आणि चौथे वर्ष हे गुणांचे नसून मताचे वर्ष आहे. म्हणूनच ते जादा वाटते. एक अलीकडची गोष्ट सांगतो. २०२५ च्या एप्रिलात राज्य सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये तो थोडा बदलला, आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेतले. ते अडीच महिने आमच्या बैठकीत दुसरा विषय नव्हता. बाबा, काका, दादा, वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर, सर्वांची मते तावातावाने मांडली जात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर या विषयावर आपण सर्वच पंडित झालो आहोत. त्या बैठकीस चहा आणून देत असे ती आमची काकू. महापालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षे तिने पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरओळख करून दिली आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी किती लिप्या आणि किती भाषा मावतात, याचा अनुभव त्या खोलीत फक्त तिला होता. निर्णय मागे घेतला गेला, वाद संपला, इंजिनीअर आपल्या मजल्यावर गेले. काकूला कोणी काही विचारले नाही. तीही बोलली नाही. मागाहून स्वयंपाकघरात आम्ही विचारले तेव्हा मात्र ती पाऊण तास बोलली, आणि वर्तमानपत्रांतून त्या दिवसांत आम्ही वाचलेल्या बहुतेक अग्रलेखांपेक्षा तिचे बोलणे अधिक मुद्द्याचे होते.

आपल्या सार्वजनिक जीवनाचेही असेच झाले आहे. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. त्याच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, आल्या त्या १९६१ साली. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीस अठ्ठ्याण्णवावे संमेलन भरले, त्याच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर या त्या पदावरील सहाव्या स्त्री. अठ्ठ्याण्णवांत सहा. ताराबाईंनी आयुष्यभर अभ्यास केला तो लोकसंस्कृतीचा, ज्यांना कोणी लेखिका म्हटले नाही अशा बायकांच्या बोलण्या-गाण्याचा. बायका जात्यावर जे म्हणत त्याला साहित्य म्हणावे, हे विद्वानांस पटण्यास बराच काळ जावा लागला. बायका वहीत जे लिहीत त्याला अर्थशास्त्र म्हणावे, एवढेच आमचे मागणे आहे. संसद व विधानसभांतून स्त्रियांस एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांवर सोपविली आहे, हे पेढे खाऊन झाल्यावर वाचले. बायकांच्या बाबतीत ‘नंतर’ हा शब्द किती कामी येतो पाहा.

याउलट २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते. नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुली विश्वचषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी खेळत होत्या. मध्यरात्र झाली तरी आजीसह घरातले कोणी झोपले नव्हते. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज, शफाली वर्माच्या ८७ धावा, मग दीप्ती शर्माचे पाच बळी; ५२ धावांनी सामना जिंकला तेव्हा काकांनी टाळ्या वाजवून शेजाऱ्यांना उठविले. त्याआधी तीनच दिवस उपान्त्य सामन्यात जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या होत्या, तेव्हाही काका सद्गदित झाले होते. “पोरीला खेळू दिलं हो आईबापांनी,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. आम्ही त्याच खोलीत होतो. काकांचे डोळे खरोखरच भरून आले होते, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. दूरदर्शनच्या पडद्यावरील मुलीला वर्षे देण्यास आपण सर्व उदार असतो. त्या मुलीही कोणाच्या तरी पुतण्या आहेत, हे त्या रात्री बोलून दाखविणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. ते आता लिहून दाखवीत आहोत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी यंदा किंवा पुढील वर्षी हा प्रश्न येणार आहे त्यांस आमची विनंती लहान आहे. ‘तीन की चार’ हे ठरविण्यापूर्वी मुलीला एकदा विचारावे, की चौथ्या वर्षी तुझा प्रश्न कोणता? तिला प्रश्न नसेल तर तीन वर्षांनी बाहेर पडण्यात काही कमीपणा नाही. मुलानेही तसेच करावे. पण तिच्याजवळ प्रश्न असेल तर तो शेवटपर्यंत ऐकून घ्यावा, मध्ये चहा सांगू नये.

आमच्या घरचा निकाल अद्याप लागलेला नाही. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. आत्या गेल्या रविवारी आली होती. १९८५ ची वही आम्ही तिला दाखविली नव्हती, पण आजीने दाखविली. दोघी बराच वेळ आतल्या खोलीत होत्या. बाहेर आल्यावर आत्या काकांना एवढेच म्हणाली, की हिची फी या वर्षी मी भरते, वहीत माझ्या नावावर लिहा. काका काही बोलले नाहीत. मात्र संध्याकाळी त्यांनी अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक मागून घेतले आणि चष्मा लावून ते वाचीत बसले. १९९० नंतरच्या वह्या माळ्यावर आहेत. त्या उतरविण्यासाठी दादाने येता रविवार कबूल केला आहे.